आंदण पुकारणारा आवाज

मी एन्कोडर बोलतोय. नाव परकं असलं तरी माझं काम घरगुती आहे. तुमच्या लग्नाचा अवाढव्य व्हिडिओ मी लहान करून देतो, म्हणजे तो मोबाइलमध्ये मावतो. सासरी निघालेल्या लेकीची पेटी आई दाबून दाबून भरते ना, तसंच काहीसं.

मला घडवणारे हात अनेक देशांतले. त्यांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. फावल्या वेळात प्रत्येकाने माझ्यात चार ओळी घातल्या आणि मला फुकट सोडून दिलं. माझ्या आत काय आहे ते कुणीही उघडून पाहावं. पण फुकट म्हटलं की माणसांना आधी संशय येतो. तुमसरच्या अंकुशलाही आला होता. त्याच्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर उतरताना मी नम्रपणे माझ्या अटी दाखवल्या. एकही न वाचता तो 'हो, हो, पुढे' करत गेला. अटी कुणीच वाचत नाही, आता मला त्याचं वाईटही वाटत नाही.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. लोक पिशवीत जुन्या व्हिडिओ कॅसेट घालून आणत. अंकुश त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेई आणि ती जडशीळ फाइल माझ्यापुढे ठेवी. हळदी, वराती, पंगती, रुसून बसलेले मामा, सगळं मी पाहिलं. मी कामाला लागलो की कॉम्प्युटरचा पंखा घरघरायचा आणि अंकुश निवांत चहाला जायचा.

एकदा आंधळगावची तुळसामावशी आली. सोबत धाकटी मुलगी मनाली होती आणि हातात थोरल्या सरिताच्या लग्नाची कॅसेट.

"दादा, त्याच्यात आंदणाचं खूप लंबं हाय," मनाली म्हणाली. "नुसते भांडेच भांडे. आवाज काढून एखादं गाणं टाकून द्या."

इकडे लग्नात आंदण आलं की कुणी काय दिलं ते मायकवरून पुकारतात. पाहणाऱ्याला त्याचा कंटाळा येतोच. मावशीला काही न विचारता अंकुशने माझ्या पडद्यावरची आवाजापुढची खूण काढली. मला सांगावं तेवढंच मी करतो, म्हणून आवाज गेला आणि गाणं बसलं. कॅसेट तर उतरवून झाल्यावर मागे फिरवताना मशीनने चावून टाकली होती. काम झाल्यावर मोठी फाइलही अंकुशने सवयीप्रमाणे पुसली.

काही दिवसांनी मावशी एकटीच परत आली. तिने मोबाइल पुढे धरला.

"बाबू, याच्यात सरिताचे बाबा कुठी हायेत?"

"मावशी, मी सारं पाह्यलं. गुलाबकाका तर कुठीच दिसत नाही."

"दिसतीन कसे? ते दिवसभर मायकवर आंदण पुकारत होते. आता ते नाहीत. त्याहिचा आवाज तेवढ्यातच होता."

अंकुशचा चेहरा उतरला. मग त्याने कॉम्प्युटरची कचरापेटी उघडली. ती रिकामी करायचा त्याला नेहमीच आळस, आणि त्या आळसामुळेच फाइल अजून तिथे पडून होती. त्याने ती पुन्हा माझ्यापुढे ठेवली. या वेळी आवाजापुढे खूण केली, दोनदा तपासली. त्या दिवशी तो चहाला गेला नाही.

"गोपीचंदमामाकडून पाणी भरायचा पितळेचा गुंड... भंडाऱ्याच्या आत्याकडून परात..."

पुकारून पुकारून आवाज पार बसला होता, पण त्यात आनंद मावत नव्हता. मावशी डोळे मिटून ऐकत होती. शेवटचं भांडं पुकारून झालं. मायक बंद करायचा मात्र राहून गेला होता. तोच आवाज हळू म्हणाला, "तुळसा, जेवली का तू?"

लग्नाच्या गडबडीत तिला ते तेव्हा ऐकूच गेलं नव्हतं. आता स्टुडिओतल्या स्टुलावर बसून ती म्हणाली, "जेवली जी."

अंकुश उगाच वायरी आवरू लागला. मला रडता येत नाही, नाहीतर माझीही पंचाईत झाली असती.

आता व्हिडिओ लहान करायचं काम मोबाइल स्वतःच उरकतात. कॅसेट कुणी आणत नाही. मी पडद्याच्या कोपऱ्यात पडून असतो, आणि अंकुश कॉम्प्युटर बदलायचं म्हणतोय. नव्यावर मला घेईल की नाही, ठाऊक नाही. माझं मागणं एवढंच आहे. जुनं काही लहान करायला घ्याल तेव्हा आधी घरातल्या थोरल्या माणसाला विचारा, यातलं काय ठेवायचं. मग मला पुसलंत तरी चालेल. जेवली का विचारणारा आवाज तेवढा राहू द्या.