पाठीवरची पट्टी

मित्रांनो, माझ्या पाठीला हात लावून पाहा. कोमट लागते ना? तेवढीच बरी. मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. बारीक आवाजाला बळ द्यायचे आणि तो स्पीकरकडे धाडायचा, हे माझे काम.

एका छोट्या कारखान्यात एका बाईंनी माझ्या तारा जोडल्या. शेवटी पाठीवर पट्टी चिकटवली : ‘स्पीकर आठ ओहमचे, कमी नको.’ ती पट्टी घरात कोणीच वाचली नाही. माझी पाठ कायम भिंतीकडे!

या घरातली आई बैठकीच्या खोलीत मुलींना नाच शिकवते. आठ ओहमचे दोन लाकडी स्पीकर आणि मी, आम्ही बावीस वर्षे तिला साथ दिली. बाबांपेक्षा मीच तालाला पक्का, असे ती सर्वांसमोर सांगायची. मी फुलून जायचो.

मग बाबांनी हौसेने छातीएवढे उंच स्पीकर आणले. दुकानात त्यांनी वॉट विचारले, रंगसुद्धा पडद्याशी जुळवला. ओहम विचारायचे मात्र राहिले. ते निघाले चार ओहमचे, म्हणजे विजेला निम्माच अडथळा करणारे आणि माझ्याकडून दुप्पट वीज ओढणारे. दहा मिनिटांत माझे अंग भाजायचे आणि जळून जाऊ नये म्हणून मी गप्प व्हायचो. मुली एक पाय उचलून तशाच उभ्या! एकेक मुलगी यायची थांबली. वर्ग बंद करावा लागेल, असे आई म्हणू लागली. बाबांनी मला भंगारात द्यायचे ठरवले.

आईने हट्टाने मेकॅनिककाकांना बोलावले. त्यांनी मला फिरवले, बोटाने पट्टीवरची धूळ पुसली, ती मोठ्याने वाचली आणि ते हसले.

“भाऊ, नवरदेव ठणठणीत आहे. स्थळ चुकलंय.”

बाबा गॅलरीत गेले. जुन्या स्पीकरांवर त्यांनीच कुंड्या ठेवल्या होत्या. त्या उतरवून त्यांनी दोघांना आत आणले, पुसले, मला जोडले. संध्याकाळी वर्गाला मुली आल्या, गाणे सुरू झाले. दहा मिनिटे झाली, वीस झाली, तास झाला. मुलींचा उचललेला प्रत्येक पाय तालावर खाली आला. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

नवे स्पीकर मामाकडे गेले. त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला चार ओहम सहज झेपतात, तिथे तेही सुखात आहेत.

मित्रांनो, आम्हा यंत्रांपैकी कोणी अडले, तर म्हातारा म्हणून टाकू नका. आधी पाठ वाचा. बाबा तर हल्ली इस्त्रीसुद्धा उलटी करून वाचतात. आणि रोज वर्ग सुटला, की माझ्या पाठीवर हात ठेवून बघतात.