चापाला बोट लागलंच नव्हतं

मी फुलपाड्याच्या कृष्णा पालवांची बंदूक बोलतेय. पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत उभी आहे, नळीला चिठ्ठी बांधलेली. दचकू नका, आता मी रिकामी आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा नळी चकचकीत होती, दस्ता गुळगुळीत. फक्त पोटात घोड्याला रोखून धरणारी खाच कच्ची राहिली होती. वरून ती कोणाला दिसायची? आचोळ्याच्या एका पतपेढीला स्वतःची बंदूक असलेला पहारेकरी हवा होता, म्हणून कृष्णाने मला हौसेने घेतलं.

पहिल्याच आठवड्यात माझा दस्ता जिन्यावर आपटला आणि चाप न ओढताच घोडा पडला. नशीब, रिकामी होते. कृष्णा मला तडक दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने ठोकून पाहिलं, तर मी नेमकी शहाण्यासारखी वागले.

"नवीन माल आहे दादा, वापरात बसेल," तो म्हणाला. कृष्णाला पटलं. मलाही सुटल्यासारखं वाटलं, त्याची आज फार लाज वाटते.

दसऱ्याला मला पाटावर आडवं ठेवलं. त्याची बायको सुनंदा हळदकुंकू घेऊन समोर बसली.

"अहो, काडतूस काढलंत ना?"

"रिकामं शस्त्र कसं पुजायचं गं? सेफ्टी लावलीय."

हार घालताना पाट कलला. मी फरशीवर आपटले आणि उडाले. कृष्णाने झडप घालून मला धरलं, पण तोवर सुनंदाच्या पावलात छर्रे घुसले होते.

तिला आता कुबडी लागते. मुलगी क्षितिजा बापाशी बोलत नाही. "पप्पांनीच चाप दाबला," असं ती सगळ्यांना सांगते. काडतूस ठेवलं ही त्याची चूकच. पण चाप?

जबाब द्यायला तो इथे आला, तेव्हा सुनंदाने या खोलीसमोरच्या बाकावर बसून विचारलं, "बोट लागलं होतं का? तेवढं खरं सांगा."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "लागलंच असेल गं. नवी बंदूक उगाच कशी उडेल?"

अहो, उगाचच उडाले! पण मला कोण विचारतंय?

उद्या मला तपासणीला नेणार आहेत. साहेब, एकदा ठोकून थांबू नका. पुन्हा ठोका, जोरात आपटा, मोडले तरी चालेल. दुकानात मी शहाण्यासारखी वागले होते. उद्या मला तसं वागू देऊ नका.