आधी हाक, मग चप्पल

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फासा आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. यात माझा काय दोष? ज्याला सहा बाजू असतात, त्याला एकाच बाजूवर पडून राहणं फार जड जातं. आत्ताही मी पडूनच आहे. कुठे, ते सांगायची घाई झाली आहे मला. पण मुळापासून सांगितलं नाही तर तुम्हाला काहीच कळणार नाही.

माझा जन्म सोमाटण्याचा. तिथे जुन्या हायवेच्या कडेला ज्योत्स्नाताई लाकडी खेळणी बनवतात. सागाच्या उरलेल्या तुकड्यातून त्यांनी मला कापलं, पॉलिश पेपरने घासघास घासलं आणि ठिपक्यांऐवजी माझ्या अंगावर चित्रं काढली: उशी, चप्पल, लाटणं, झाडू, गुदगुल्या करणारी बोटं आणि जीव मुठीत घेऊन पळणारी कोंबडी. खेळाचं नाव 'धोपटाधोपटी'. प्रत्येकाने मूठभर चिंचोके घेऊन बसायचं, मला फेकायचं आणि वर येईल त्याने समोरच्याला हाणायचं. अर्थात तोंडाने! उशीचा मार हलका, मार खाणाऱ्याचा एकच चिंचोका मधल्या ढिगात जायचा. चपलेला दोन, लाटण्याला तीन. कोंबडी आली की तुम्ही पळालात, डाव पुढच्याचा. चिंचोके संपले की बाद.

नियम एकच कडक होता. ज्याला हाणायचं त्याला आधी हाक मारायची. हाक न मारता केलेला वार फुकट. "न बोलावता मारणं ही चोरी झाली, ते काही भांडण नव्हे," असं ज्योत्स्नाताई प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायच्या.

पुण्याच्या एका टोळक्याने मला घेतलं आणि पवनानगरजवळ, धरणाच्या काठी तंबूत मुक्कामाला आणलं. काय गडगडलो म्हणून सांगू! "ओंकार, चप्पल!" "पिंकी, लाटणं!" चुलीपाशी भजी तळणाऱ्या कस्तुराबाईसुद्धा झारा हातात धरून हसत होत्या. 'एक नंबर फासा' म्हणून माझं कौतुक झालं. सकाळी निघायच्या गडबडीत तेच कौतुक करणारे मला गादीखाली विसरून गेले.

कस्तुराबाईंना मी झाडताना सापडलो. त्यांनी मला मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. तिथे दिवसच्या दिवस बसून माझा जीव नुसता कासावीस व्हायचा. पण त्या फळीवरून मला सगळं घर दिसे.

तंबूंचा तो कॅम्प दोन भावांचा होता. थोरले भिमाजी, म्हणजे कस्तुराबाईंचे यजमान, आणि धाकटा सीताराम. दोघांचा अबोला होता. सीतारामने पाहुण्यांसाठी संडास बांधला तो नेमका भिमाजींच्या ओट्यासमोर. वारा सुटला की ओट्यावर बसायची सोय उरेना. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलेनात. "त्याला सांग, दूध उतू चाललंय," असं भिमाजी बायकोला सांगत, आणि तो 'त्याला' तिथेच चुलीपाशी बसलेला असे. निरोप पोचेपर्यंत दूध चुलीत. दोघांनीही वेगवेगळं बुकिंग घेतलं आणि एकाच तंबूच्या दारात दोन पार्ट्या उभ्या राहिल्या, असंही झालं.

शेवटी कॅम्पच्या मधोमध जाळी मारायचं ठरलं. तारेच्या जाळीची माणूसभर उंचीची गुंडाळी येऊन स्वयंपाकाच्या छपराशी उभी राहिली. खांब पुरायला माणसं दुसऱ्या दिवशी येणार होती. नळ सीतारामकडे जाणार, चूल भिमाजींकडे. कस्तुराबाई भाकऱ्या थापत आणि सीतारामची बायको हिरा त्या भाजत असे. आता एकीने थापून दुसरीने जाळीवरून झेलायच्या की काय! हिरा पदराने डोळे पुसत होती. तिचं रडू बघून माझं लाकूडही आतून तडकेल असं वाटलं.

त्याच दुपारी कस्तुराबाईंनी मला फळीवरून उचललं आणि चटईवर आपटलं.

"बसा दोघंबी. डाव झाल्याबिगर आज चूल पेटणार न्हाई."

"मी काय प्वार हाय का?" भिमाजी फुरंगटले.

"प्वारं परवडली. ती भांडत्यात तरी."

चौघे बसले. चिंचोके वाटले. दोघे भाऊ मोठे हुशार! एकमेकांना हाक मारायला नको म्हणून सगळा मार बायकांवर. सीतारामची गाडी 'वहिनी, झाडू'च्या पुढे सरकेना. भिमाजींनी उभ्या जन्मात बायकोला नावाने हाक मारली नव्हती. 'अगं ए' चालणार नाही म्हटल्यावर ते कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "कस्तुरा, उशी." हिरा तोंडाला पदर लावून हसली.

पण मित्रांनो, या जावा त्यांच्यापेक्षा वरचढ होत्या. त्यांनी एकमेकींनाच बडवायला सुरुवात केली. "हिरा, लाटणं!" "अक्का, चप्पल!" भराभर चिंचोके संपवून दोघीही डावातून बाद झाल्या आणि हात झटकून बाजूला बसल्या. चटईवर उरले दोन भाऊ आणि मी.

मग माझे हाल सुरू झाले. भिमाजी फेकत, झाडू येई, ते गप्प. वार फुकट. सीताराम फेके, बोटं येत, तोही गप्प. वार फुकट. मी उडतोय, पडतोय, ओरडावंसं वाटतंय, आणि दोघे दगडासारखे मुके. मला त्यांचा खूप राग आला.

सीतारामने पुन्हा मला फेकलं. चप्पल आली. त्याने एकदा हिराकडे पाहिलं, एकदा तारेच्या गुंडाळीकडे.

"दादा," तो म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "दादा, चप्पल."

भिमाजींनी दोन चिंचोके पुढे सरकवले. मग मला उचललं. त्यांनी फेकलं आणि लाटणं आलं.

"सित्या!" त्यांचा आवाज फाटला. "सित्या, बांधायच्या आदी मला इचारलं का न्हाईस रं? वासाचं काय न्हाई मला. तू इचारलं न्हाईस."

"इचारणार हुतो. तुमी नुसतं वरडला असता."

"वरडलोच असतो! थोरला हाय मी, वरडणार न्हाई तर काय करणार?"

मग जे सुरू झालं, ते विचारू नका. आंब्याची वाटणी, विकलेला बैल, लहानपणी कुणी कुणाला विहिरीत ढकललं, सगळं निघालं. भिमाजींनी चटईवर हात आपटला, मी उडालो, छपराच्या पत्र्याला धडकलो आणि सरळ तारेच्या गुंडाळीच्या पोकळीत तळाशी जाऊन पडलो. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी खांबवाले आले, तेव्हा त्यांना बोलावलं कुणी यावरून भावांची जुंपली होती. माणसं चहा पिऊन परत गेली.

संडास नंतर मागच्या बाजूला हलला. भावांचं मात्र आता रोज वाजतं आणि मी खाली सगळं ऐकतो. कस्तुराबाईंनी मला पुष्कळ शोधलं. ओलीने माझी कोंबडी पुसट झाली आहे, लाटणं तर बुरशीने भरलं. म्हणून सांगतो, मित्रांनो, डाव संपला की आमच्यासारख्यांना मोजून पिशवीत ठेवा. गादीखाली, गवतात टाकून जाऊ नका. आम्हाला पडून राहणं सोसत नाही. आणि कुणाशी बिनसलं, तर आधी त्याला हाक मारा.

ही गुंडाळी उलगडली तरच मी सुटेन, पुन्हा उन्हात गडगडेन. परवा ती वेळ आलीच होती. सीतारामने गुंडाळीला हात घातला आणि विचारलं, "दादा, ही जाळी उलगडून कोंबड्यांना लावू का?"

"राहू दे की," भिमाजी म्हणाले. "तिच्यावर दोडका चढलाय."

माझं सगळं अंग बाहेर पडायला तळमळत होतं. तरी मीही तळातून म्हणालो, राहू दे.