मामंजींचा फिल्टर

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि एका माशाने टेलरमास्तरांचा जीव टांगणीला लावला. मासा चांगला वीतभर, जाडजूड, खाणं टाकलं तरी तोंड वाकडंच करणारा, म्हणून बायकोने त्याचं नाव मामंजी ठेवलं होतं. आपल्या दिवंगत वडिलांची ही टिंगल मास्तरांना अजिबात खपत नसे. एक दिवस ही टाकी उचलून बाहेर ठेवतो, हे त्यांचं नेहमीचं पालुपद. आता तेच मामंजी पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते आणि मास्तरांना ना मशीनवर चैन पडत होती, ना ताटावर. काही बरंवाईट झालं तर तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

फिल्टरमधून जेमतेम धार येत होती. आतला माल खराब झाला असणार, असं निदान स्वतःच करून ते माशांच्या दुकानात धावले. तिथे घोडं अडलं. सिरॅमिकच्या रिंगा, लाव्हाचे दगड, भोकाभोकांचे प्लॅस्टिकचे चेंडू! मास्तरांनी एकेक वस्तू कापड पारखावं तशी बोटांत चोळून पाहिली, हे उचल, ते ठेव केलं, पण कळलं काहीच नाही. दुकानदाराने समजावलं, की पाणी चांगलं ठेवणारे जिवाणू या मालावर घर करतात. नव्या मालावर ते वसायला काही आठवडे जातात, म्हणून जुना एकदम फेकायचा नाही आणि नळाखाली धुवायचाही नाही. सध्या आत काय आहे, असं त्याने विचारलं. मास्तरांना ते ठाऊकच नव्हतं. शेवटी रिंगांची पिशवी घेऊन ते घरी आले.

डबा उघडला. वरचा स्पंज गाळाने गच्च भरला होता, धार तिथेच अडली होती. खाली एक जाळीची पिशवी, तपकिरी, बुळबुळीत. मास्तरांनी तिची गाठ सोडली. आत त्यांच्या मशीनच्या बॉबिनी होत्या. प्लॅस्टिकच्या, भोकाभोकांच्या, चांगल्या ओंजळभर.

याच हरवलेल्या बॉबिनींपायी दुकानात काजबटण करणाऱ्या मावशींना ते वर्षानुवर्षं, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा, टाकून बोलले होते. मावशी मूग गिळून बसत. हल्ली तर त्या स्वतःच्या बॉबिनी घरून आणत.

मास्तरांना बायकोचा भयंकर राग आला. मग वाटलं, तिने मागितल्या असत्या तर आपण एक तरी दिली असती का? सगळ्या काढून घासून लख्ख कराव्यात, म्हणून हात शिवशिवत होते. तेवढ्यात टाकीकडे लक्ष गेलं. त्यांनी टाकीतलंच पाणी बादलीत काढून स्पंज पिळला, बॉबिनींची पिशवी पुन्हा बांधून आत ठेवली, शेजारी नव्या रिंगा घातल्या. धार सुटली.

दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानात त्यांची सारखी उठबस चालली होती. मावशी कोपऱ्यात बटणं लावत होत्या. अखेर त्यांच्याकडे न बघताच मास्तर म्हणाले, "मावशी, बॉबिनी सापडल्या."

मावशींची सुई थांबली. "बाहेर नाही ना काढल्या फिल्टरमधून?"

फिल्टरचं नाव मास्तरांनी काढलंच नव्हतं.

"नाही," ते कसेबसे म्हणाले. लाजेने त्यांना मान वर करवेना. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही टाकी बाहेर ठेवली असती. वहिनींचा जीव आहे त्या माशात." मावशींनी पुढचं बटण उचललं. "मामंजी जेवले का आज?"