चाकूचं पाणी

गुणवंता लोहाराची भट्टी पांढुर्ण्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा, सगळंच तो करायचा. पण त्याचं नाव झालं होतं ते संत्र्याची कलमं बांधायच्या चाकूमुळे. जंबुरी या रानटी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवताना सालीला चीर द्यावी लागते आणि डोळा एका कापात काढावा लागतो. धार जरा बसली की साल फाटते आणि आठ दिवसांत डोळा वाळून जातो. सौंसरच्या नर्सऱ्यांतले बांधणारे गुणवंताच्या एका चाकूवर अख्खा हंगाम काढत.

सुचिता त्यांच्यापैकीच एक. जामसांवलीजवळच्या खेड्यातली, अडतिशीची. नवरा वारलेला, घरी म्हातारी सासू. दिवसाला पाचशे डोळे बांधायची आणि त्यातले वीसही वाळत नसत. हंगाम संपल्यावर एका रविवारी ती भट्टीवर आली आणि म्हणाली, "काकाजी, मले हा चाकू बनवायचं शिकवा."

गुणवंताचा हातोडा चालूच होता. "कायले?"

"बाजारातला चाकू दोन दिवसांत बसते. आमच्याकडे बांधणारे लय आहेत. तुमच्यामागं त्याइनं कोणाकडे जावं?"

"माह्या पोरालेच नाई शिकवता आलं मले."

भट्टीच्या पंख्याचा दांडा फिरवत गुणवंताची बायको उषा बसली होती. ती म्हणाली, "गौतमले शिकायचंच नव्हतं. तो नागपूरले वेल्डिंग करून खूश आहे. हिले शिकायचं आहे. शिकवा न."

गुणवंता नाही म्हणू शकला नाही. त्या रविवारपासून सुचिता दर आठवड्याला सौंसरच्या बसने यायला लागली.

पहिले दोन महिने त्याने तिला फक्त कोळसा लावायला आणि घण मारायला लावलं. तळहात फुटले, ती कापड गुंडाळून आली. मग सांडशी हातात दिली. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याचा तुकडा लाल करून त्याचं पातं ओढायचं, पाठ जाड आणि धारेकडे उतरतं ठेवायचं, कानशीने साफ करायचं. तिचा हात हलका होता, आणि चाकू कशाला लागतो हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. उन्हाळा संपेपर्यंत तिची पाती गुणवंताच्या पात्यांशेजारी ठेवली तर वेगळी काढता येत नव्हती. जेवताना तो उषाला म्हणाला, "हात आहे तिच्यात." एवढं तो कोणाबद्दलच कधी बोलला नव्हता.

राहिलं होतं ते पाणी देणं. पातं लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून ते विटेने घासून उजळ करायचं आणि तापल्या लोखंडावर पाठीकडून हळूहळू गरम करायचं. तेव्हा पात्यावर रंग चढत जातात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग मधाचा, मग जांभळा, शेवटी निळा. मधाचा रंग धारेपाशी पोचला की त्याच क्षणी पुन्हा पाण्यात घालायचं. थोडं आधी घातलं तर पातं तुटतं, उशीर झाला तर मऊ पडतं. सगळं नाव या एका क्षणावर होतं.

आणि हा रंग गुणवंताला दिसत नव्हता. चाळीस वर्षं आगीत पाहून त्याच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. मोतीबिंदू काढला तरी फरक पडला नाही. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं, आहे तेवढं सांभाळा. लाल लोखंड त्याला ओळखू यायचं. पिवळा, मध, जांभळा हे सगळे राखेसारखे एकच दिसायचे. गेली नऊ वर्षं पाणी उषा देत होती. सांडशी त्याच्या हातात असायची, ती शेजारी उभी राहून पात्याकडे पाहायची आणि हळूच म्हणायची, "बस." तो बुडवायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई पंखा फिरवायला उभी आहे. गौतमलाही माहीत नव्हतं, आणि सुचिता यायची त्या रविवारी ते पाणी द्यायचं काम काढतच नसत.

जून महिन्यात उषा म्हणाली, "आता पाणी दाखवतो मी तिले."

"एक वर्ष होऊ दे."

"वर्षानं काय होते? तिचा हात बसला आता."

"म्या सांगतलं न, होऊ दे."

उषाने त्याच्याकडे पाहिलं. "तुमाले लाज वाटून राहिली. तिले समजन का तुमाले दिसत नाई म्हणून."

तो हातोडा उचलून कामाला लागला आणि उषाने पुन्हा विषय काढला नाही.

पोळ्याच्या आठ दिवस आधी उषाला ताप आला. तिसऱ्या दिवशी श्वास लागला. गौतम नागपूरहून गाडी घेऊन आला, तिला घेऊन निघाले, आणि अर्ध्या वाटेतच ती गेली. जाम नदीच्या काठी तिला अग्नी दिला. तेरवीला सुचिता आली, दिवसभर भांडी घासली, संध्याकाळच्या बसने परत गेली.

दिवाळीनंतर कलमांचा हंगाम उभा राहिला. सौंसरच्या ज्या नर्सरीत सुचिता बांधायची तिथल्या मालकांचा, रघुनाथरावांचा निरोप घेऊन ती आली, "चाळीस चाकू पाहिजेत. मी त्याइले सांगितलं, काकाजींचेच घ्या."

गुणवंता नाही म्हणाला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्याला वाटलं, इतक्या वर्षांचा हात आहे, अंदाजाने जमेल. त्याने पात्याजवळ तळहात धरून ऊब पाहिली, मनात आकडे मोजले. उषा किती वेळाने 'बस' म्हणायची ते आठवायचा प्रयत्न केला. त्याने तिच्या शब्दाची फक्त वाट पाहिली होती, वेळ कधी मोजली नव्हती.

सुचिता शेजारी उभी होती; मधाच्या रंगावर बुडवायचं, हे त्याने तिला सांगितलं होतं. पहिलं पातं त्याने पाण्यात घातलं तेव्हा तिने विचारलं, "काकाजी, हे निळं नाई झालं का?"

"मध होय तो," गुणवंता म्हणाला. "नीट पाय."

दुसऱ्या पात्याला ती पुन्हा वाकून पाहत राहिली. या वेळी तिने विचारलं नाही. आपल्यालाच अजून मध ओळखता येत नाही, असं तिने धरलं. उरलेली पाती तिने त्याच्याच डोळ्याने पाहायचा प्रयत्न केला. जे निळं दिसत होतं त्याला मध म्हणायला शिकली. शेवटची दहा पाती त्याने तिच्या हातात दिली आणि ती तिने तशीच निळी करून बुडवली.

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा रविवार नव्हता. हातात चाकूंची पिशवी होती. ती पिशवी तिने ऐरणीजवळ ठेवली आणि खाली बसली.

"धार टिकत नाई. वळते. सगळे घासत बसले, तरी वळते. दोन हजारांवर डोळे वाळले. माह्या रांगेतले बी."

गुणवंताने एक चाकू काढून अंगठ्याच्या नखावर फिरवला. नख कापलं गेलं नाही.

"रघुनाथराव काय म्हणले?"

"म्हणले, तुह्या भरोशावर घेतले. आता नको येऊ. काकाजी, माह्या दहा चाकवानं झालं का हे? बाकीचे त तुमी केले होते."

तिथे तो गप्प राहिला असता तर हेही आपलंच चुकलं असं तिने धरलं असतं. गुणवंताने चाकू खाली ठेवला.

"मले रंग दिसत नाई सुचिता. नऊ वर्षं झाली. तुही काकू पाहे आन मले सांगे. पाणी तिचं होतं."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. सुचिताने पिशवीतला एक चाकू काढून उजेडात धरला.

"मले निळं दिसलं होतं," ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुमाले."

"हो."

"तुमी म्हणले, मध होय."

"हो."

"काकू होती तवाच मले पाठवलं असतं तिच्याजवळ."

"ती म्हणे. म्याच नाई म्हटलं."

सुचिता उठली. तो रडेल असं तिला वाटलं होतं. तो रडला नाही, तसाच बसून राहिला. तिला राग आला होता आणि तो राग कुठे ठेवावा हे समजत नव्हतं. दारापर्यंत जाऊन ती परत आली आणि म्हणाली, "भट्टी पेटवा. मी पाहतो."

हाताला दुसरं काम नव्हतं, म्हणून महिनाभर ती रोज आली. ती पाहायची आणि बुडवायची, थंड झाल्यावर तो कानस लावून कडक की मऊ ते सांगायचा. एक पातं तुटलं, एक मऊ पडलं. दुपारी जो रंग बरोबर वाटला तोच संध्याकाळी चुकला. उषा ऊन असलं की दार लोटून घ्यायची आणि ढग आला की उघडायची, एवढं गुणवंताला आठवत होतं. एका कमानपट्ट्याला ती लवकर 'बस' म्हणायची आणि दुसऱ्याला उशिरा. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. महिन्याभरात दोन चाकू उतरले. दोन्ही चांगले होते. ते कशाने चांगले झाले, हे दोघांनाही सांगता आलं नाही.

"होईन हे," सुचिता शेवटच्या दिवशी म्हणाली. "वर्ष-दीड वर्ष लागन. पण मले तेवढं बसता नाई येत, काकाजी. आन केले तरी आता घेते कोण?"

नर्सऱ्यांनी नागपूरहून बदलत्या पात्यांचे चाकू मागवले होते, धार गेली की पातं फेकून नवं लावायचं. सुचिता सौंसरच्या बाजूला एका कारखान्यात पॅकिंगला लागली. गुणवंताने त्यानंतर भट्टी पेटवली नाही. गौतम येऊन म्हणाला, जागा भाड्याने देऊ. गुणवंता म्हणाला, दे.

संक्रांत झाल्यावर तो एकटाच बसने सौंसरला गेला आणि विचारत विचारत रघुनाथरावांच्या नर्सरीत पोचला. रघुनाथरावांनी खुर्ची दिली, चहा मागवला. गुणवंताने सगळं सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं, उषाचं सांगितलं, सुचिताचा दोष नव्हता हे दोनदा सांगितलं. रघुनाथरावांनी मध्ये एकदाच काही विचारलं, बाकी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जाऊ द्या आता, झालं ते झालं. यंदा माणसं भरली आमची." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत रोपांकडे गेले.

परतीच्या बससाठी तो स्टँडवर उभा होता. कारखान्याची गाडी बायकांना तिथेच सोडायची. सुचिता उतरली आणि त्याला पाहून थांबली.

"इकडे कसे काय?"

"रघुनाथरावाकडे गेलो होतो. सांगितलं, तुही चूक नव्हती म्हणून."

"मंग?"

"माणसं भरली म्हणे."

तिने मान हलवली. तिला वेगळं काही अपेक्षित नव्हतं. डब्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत तिने विचारलं, "काकूचं नाव सांगितलं का त्याइले?"

"सांगितलं."

"काय म्हणले?"

"कोण उषा, म्हणले."

बस लागली. बसवरची पाटी गुणवंताला वाचता येईना. सुचिताने पाहून सांगितलं, पांढुर्ण्याचीच आहे. त्याच्या कोपराला धरून तिने त्याला पायरी चढवली आणि गर्दीतून आपल्या गावच्या ऑटोकडे निघून गेली.