रॅग्लनची बाही

पायांतल्या चपला काढण्याचेही भान न राहता श्रीपती माजघरात शिरले आणि वाचनालयातून आणलेला शब्द त्यांनी विजयी मुद्रेने बायकोपुढे टाकला.

“हेमा, तुझ्या त्या नमुन्याच्या चित्राखालचा शब्द, रॅग्लन! तू म्हणालीस विणीचं नाव, मी म्हणालो गावाचं. तेही अगदीच खोटं नाही, त्या नावाचं गाव आहे तिकडे. पण अगं, माणूस आहे तो, माणूस!”

“आधी चपला,” हेमाताई म्हणाल्या.

त्या स्वेटर उसवत बसल्या होत्या. सकाळीच उन्मेषने तो अंगात घालून पाहिला होता. पालीच्या वळणावरच्या अपघाताने त्याचा उजवा हात कोपराच्या वरच संपला होता. उरलेल्या हाताचे माप मागण्याचा आईला धीर होईना, म्हणून तिने डाव्याच्याच मापाने दोन्ही बाह्या पुऱ्या विणल्या. उजवी रिकामी लोंबली. “मी सोमवारी पोफळीला कामावर रुजू होत नाही,” एवढेच बोलून लेकाने खोलीचे दार लावून घेतले होते.

पण शब्द सापडलेल्या श्रीपतींना कोण थोपवणार!

“इंग्रजांचा सरदार! खांद्याला शिवण नाही, बाही थेट गळ्यापासून निघते, असा सैल कोट म्हणे त्याच्यासाठी बेतला. कारण वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा...”

दारात उन्मेष उभा होता. हेमाताईंच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळत त्याच्या पायांशी गेला.

“उजवा काय, बाबा?”

“हात,” श्रीपती कसेबसे म्हणाले.

“मग काय, घरी बसला?”

“छे! पुढे क्रिमियाच्या युद्धात सेनापती झाला!” त्यांचा आवाज पुन्हा चढला. मग अर्धसत्य सोसेना, म्हणून त्यांनी घसा खाकरला. “अर्थात, ते युद्ध त्याने फारसं बरं चालवलं नाही, असंही एक मत आहे.”

“अहो, तेवढं गिळलं असतंत तर?” हेमाताई कळवळल्या.

उन्मेष मात्र खळखळून हसला. पावसाळ्यापासून त्या घराने ते हसू ऐकले नव्हते. गुंडा उचलून तो आईपुढे बसला आणि सदऱ्याच्या दुमडलेल्या उजव्या बाहीची टाचणी त्याने डाव्या हाताने काढली.

“माप घे, आई,” तो म्हणाला. “ह्याचंसुद्धा.”

श्रीपती टेप शोधायला आत धावले. चपला अजून पायांतच होत्या. हेमाताईंचे लक्ष मात्र लेकाच्या हाताकडे होते.