गिअर बाईनं मोडला म्हणे

हिनं गिअरबॉक्स मोडला, असं माझ्याकडे बोट दाखवून बुधिमान दाजू चहाच्या टपरीपुढे दहा माणसांत बोलला. दाजू म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ; हा मानेभंज्यांग गावच्या गाडीवाल्यांचा सेक्रेटरी. वर संदकफूच्या शिखरावर आज कुणाची गाडी जाणार, कुणाचा नंबर राहणार आणि कुणाचा कटणार, हे सगळं तोच ठरवतो.

गाडी सत्तावन्न सालची लँडरोव्हर, माझ्या आजेसासऱ्यांपासूनची. लाक्पा, म्हणजे माझा नवरा, पौषात छपरावरून पडला आणि उजवा पाय मोडून बसला. तेव्हापासून स्टिअरिंगवर मी. तीन महिने कुणाला बोलायला जागा दिली नाही. पण त्या आठवड्यात गेलेली थंडी परत आली, आणि पहिला गिअर टाकताना गाडी अशी खरखरायला लागली की टपरीपुढची कुत्री उठून पळायची.

दाजू म्हणाला, "बाईच्या हातात दिलं की असंच व्हायचं. गिअरबॉक्स उतरव. तोवर नंबर पुढच्याला."

उतरवायचा म्हणजे पंधरा दिवस. गुराँसची फुलं पाहायला पाहुणे येतात ते याच पंधरा दिवसांत. आणि एकदा कटलेला नंबर परत मिळालेला मी तरी पाहिला नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अर्धा तास थांबा, काही न उघडता सांगते काय झालंय ते.

इंजिन बंद ठेवून चारही गिअर टाकून दाखवले. एकही अडला नाही. मोडका गिअरबॉक्स बंद गाडीतही अडतो. मग इंजिन चालू करून पहिला गिअर दामटून घातला, तर क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे सरकायला लागली. म्हणजे दुखणं गिअरचं नव्हतंच, क्लच पुरता सुटत नव्हता.

दाजू म्हणे, क्लच गेला तरी गाडी उघडावीच लागते. मी त्याच्याकडे न बघता गाडीखाली शिरले. लाक्पाला कुबड्यांसकट सीटवर बसवून डाव्या पायानं क्लच दाबायला लावला. खालची दांडी दोन बोटं सरकायला हवी, ती एकच बोट सरकली. वाकलेली नव्हती, सैलही नव्हती. मी खालून म्हटलं, अरे पूर्ण दाब. तो म्हणाला, पूर्णच दाबलाय, टेकलाय.

टेकलाय, पण कशाला? मी बाहेर येऊन पेडलखाली पाहिलं आणि शरमेनं कान तापले. पाय गोठतात म्हणून आम्ही सगळेच तिथे लोकरीचा गालिचा टाकतो. त्या आठवड्यात मी तो दुमडून दुहेरी घातला होता. पेडल तळाला जातच नव्हतं.

गुपचूप काढता आला असता, कुणाला कळलंही नसतं. पण मग गाडी आपोआप बरी झाली, असं लोक सांगत फिरले असते. मी गालिचा ओढून काढला आणि दाजूच्या पायाशी टाकला.

"हा घ्या तुमचा मोडलेला गिअरबॉक्स. चूक माझीच. मीच केली, मीच शोधली."

सगळे हसले, मलाच हसले. हसू देत. दाजू मात्र हट्टाला पेटला. सपाटीवर कुठलीही गाडी चालते, म्हणे, चढावर कळेल. मी म्हटलं, मग बसा शेजारी.

सकाळपासून टपरीपाशी ताटकळलेले माझे पाहुणे मागे, दाजू पुढे. वरच्या चित्रे गावापर्यंत उभा चढ आणि वळणावर वळण. पहिल्याच वळणाला दोनदा क्लच मारून दुसऱ्यावरून पहिल्यावर आणली. आवाज नाही. पुढच्या वळणालाही नाही. दाजूनं दोन्ही हातांनी समोरचा धरायचा दांडा घट्ट पकडला होता. माझे पाय गारठून बधिर झाले होते, पण इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

चित्रेला गाडी उभी केली. "नंबराचं काय?" मी विचारलं.

"राहू दे," तो पुटपुटला. "लाक्पाचा पाय बरा होईतो चालव तू."

"बरा झाल्यावरही मीच चालवणार."

हे मी अजून लाक्पालाही सांगितलं नव्हतं.

"आता उतरा दाजू. माझे पाहुणे खोळंबलेत."

खाली जाणारी गाडी दुपारपर्यंत नव्हती. दाजू मफलर आवळून पायी उतरायला लागला.